मदत हवी आहे: सहा वर्षांचा मुलगा आणि आजीच्या दुपारच्या क्राइम मालिका

नमस्कार मंडळी,

आम्ही नागपूरला, मनीषनगरात राहतो. मुलगा सहा वर्षांचा, यंदा पहिलीत जाईल. आम्ही दोघंही नोकरीवर, त्यामुळे दिवसभर तो आजी-आजोबांजवळ असतो. सुट्ट्या लागल्या आहेत आणि मे महिन्यातलं इथलं ऊन काय सांगायचं! पारा ४५ च्या आसपास, लेकराला खाली खेळायला सोडायची सोय नाही. कूलर हॉलमध्ये, म्हणून सगळे हॉलमध्ये. टीव्हीही तिथंच.

कार्टून आम्ही मोजूनमापून दाखवतो. भानगड वेगळीच आहे. सासूबाई दुपारी 'सत्यघटनेवर आधारित' गुन्ह्यांच्या हिंदी मालिका बघतात. हा बाजूला गाड्या खेळत असतो, म्हणून 'त्याचं कुठं लक्ष असते तिकडे' असं त्यांचं म्हणणं. परवा यानं चुलत बहिणीच्या तोंडावर उशी दाबली आणि 'अब बोल' म्हणाला. ती ठीक आहे, पण हे कुठल्या कार्टूनमधलं? शिवाय रात्री दाराची कडी लागली का, हे पुन्हापुन्हा विचारतो.

नवरा म्हणतो, 'आम्ही टीव्ही बघून खराट्याच्या काड्यांचे बाण मारले, कुस्त्या बघून एकमेकांना गादीवर आपटलं, काय बिघडलं?' जाणकारांनी सांगावं, हे खरंच टीव्हीमुळे होतं का? आणि सासूबाईंना बोलायचं कसं? दिवसभर त्याच त्याला सांभाळतात, त्यांची तेवढीच करमणूक आहे.

प्रतिसाद (निवृत्त शिक्षिका):
ताई, मुलं बघूनच शिकतात. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बंडुरा यांचा १९६१ चा स्टॅनफर्डमधला प्रयोग बी.एड.ला आम्हाला होता. मोठं माणूस फुगवलेल्या बाहुलीला बदडतं, ते बघून लहान मुलंही तसंच, त्याच शब्दांसकट बदडतात. १९६३ मध्ये हेच पडद्यावर दाखवलं, तरी तेच झालं. मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो १९६५ चा प्रयोग. मारणाऱ्याला शिक्षा झालेली बघितली की मुलं नक्कल कमी करत, पण 'करून दाखव, बक्षीस देते' म्हटलं की शिक्षा बघितलेल्यांनाही ते बऱ्यापैकी जमायचं. म्हणजे शेवटी पोलीस गुन्हेगाराला पकडतात म्हणून मालिका चालेल, असं नाही. रीत डोक्यात बसलेली असते.

प्रतिसाद (नंदनवनकर):
बाहुलीला मारणं आणि माणसाला मारणं यात फरक आहे हो. ती बाहुली ठोसे खायलाच बनवलेली! टीव्ही हे अनेक कारणांपैकी एक, एवढंच म्हणता येईल. घरात, शेजारी, शाळेत कुणी मारतं का, तेही बघा.

प्रतिसाद (निवृत्त शिक्षिका):
मान्य. ह्यूसमन या मानसशास्त्रज्ञांनी आणि सहकाऱ्यांनी शिकागोकडच्या ६ ते १० वर्षांच्या मुलांना १५ वर्षांनी पुन्हा गाठलं (२००३ चा निबंध). लहानपणी हिंसक कार्यक्रम जास्त बघणारे मोठेपणी सरासरीनं जास्त आक्रमक निघाले, विशेषतः ज्यांना ते खरं वाटायचं ते. प्रत्येक पोरगा तसा होतो असं नाही. तुमच्या यजमानांचे बाण म्हणूनच वेगळे. ते खोटं आहे हे पोरांना ठाऊक होतं. इथं तर 'सत्यघटना' म्हणूनच सांगतात, कडीची भीती बहुतेक त्यातलीच.

प्रतिसाद (धरमपेठची आई):
आजींना 'टीव्ही बंद करा' म्हणू नका. 'आई, तो घाबरतो रात्री' म्हणा, त्या स्वतःच विचार करतील. तोवर त्या वेळी त्याला आजोबांसोबत आतल्या खोलीत निजवा, किंवा आजींना मोबाइलवर ईअरफोन लावून बघू द्या. ऊन उतरल्यावर मात्र रोज दमवा त्याला, सायकल, पकडापकडी, काहीही. झोप उडाली, अंथरूण ओलं व्हायला लागलं किंवा मुद्दाम इजा करायला लागला तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. मेडिकलला (नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात) बालरोग आणि मानसोपचार दोन्ही विभाग आहेत.

धागाकर्ती:
सगळ्यांचे आभार. ईअरफोनचं जमणार नाही, सासूबाईंचे कान दुखतात. आतल्या खोलीत जुना कूलर बसवतोय, म्हणजे तिथं निजवता येईल. भीतीचं मात्र नवराच बोलणार आहे आज. आई त्याची आहे.