सांगलीहून एका सत्रासाठी जर्मनीला जाताना रोजच्या राहणीत काय जड जाते?

विश्रामबागकर

सर्वांना नमस्कार. मी सांगलीत अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला शिकते. विद्यार्थी देवाणघेवाण योजनेतून ड्रेस्डेन येथील विद्यापीठात एका सत्रासाठी माझी निवड झाली असून ऑक्टोबर ते मार्च मला तेथे राहायचे आहे. व्हिसा, विमा आणि बँकेत दाखवायची रक्कम यांविषयी महाविद्यालयाने सविस्तर सांगितले आहे, त्यामुळे त्याबद्दल मी विचारत नाही. मी आजवर एक रात्रही घराबाहेर एकटी राहिलेली नाही. आमच्या घरी सकाळपासून कोणी ना कोणी दारात येऊन विचारपूस करते, आणि जेवायला एकटे बसण्याची वेळ माझ्यावर कधी आली नाही. आजीला तर माझ्या अभ्यासापेक्षा मी कोणाबरोबर जेवेन याचीच चिंता आहे. जे राहून आले आहेत त्यांनी पहिल्या दोन-तीन महिन्यांत नेमके काय जड जाते ते सांगावे. सोबत काय न्यावे हेही कळवावे. आई साताऱ्याचे कंदी पेढे, साजूक तूप, भडंग आणि कांदा-लसूण मसाला बांधून देणार आहे.

मिरजेची ताई

तुझे मनापासून अभिनंदन. मी अशाच योजनेतून गेले होते आणि पुढे पदव्युत्तर शिक्षणासाठी दोन वर्षे तेथेच राहिले, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते.

पहिला महिना कामांत निघून जातो. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत नगर कार्यालयात पत्त्याची नोंद करावी लागते आणि त्यासाठी घरमालकाचे लेखी प्रमाणपत्र लागते, तेव्हा खोलीची किल्ली घेतानाच ते मागून घे. रविवारी किराणा दुकाने बंद असतात, त्यामुळे दूध-भाजी शनिवारीच आणून ठेवावी लागते. रेडिओ-दूरचित्रवाणीच्या शुल्काचे पत्र आले तर घाबरू नकोस, दरमहा 18.36 युरोचे हे शुल्क माणशी नसून घरटी असते आणि एकत्र राहणारे ते वाटून भरतात. प्लॅस्टिकच्या एकदाच वापरायच्या बाटलीवर 25 सेंट अनामत असते, ती दुकानातील यंत्रात बाटली टाकल्यावर परत मिळते. नळाचे पाणी निर्धास्तपणे पिता येते. गुणांची रीत मात्र आपल्या उलट आहे: 1 हा सर्वांत चांगला शेरा आणि 4 म्हणजे जेमतेम उत्तीर्ण. हे घरी आधीच सांगून ठेव.

फोडणीबद्दल मुद्दाम लिहिते, कारण माझी फजिती तेथेच झाली. खोल्यांमध्ये धूरसूचक यंत्र बसवलेले असते. मी दार उघडे ठेवून मोहरी-मिरचीची फोडणी केली आणि सारी इमारत जागी झाली. स्वयंपाकघराचे दार लावून आणि खिडकी पूर्ण उघडून फोडणी करावी. थंडीतही दिवसातून दोन-तीन वेळा पाच-दहा मिनिटे खिडक्या सताड उघडाव्या लागतात, नाहीतर भिंतींना बुरशी येते आणि तिचा खर्च भाडेकरूच्या माथी येऊ शकतो.

पण तुझ्या प्रश्नाचे खरे उत्तर नोव्हेंबरमध्ये आहे. डिसेंबरात ड्रेस्डेनला दुपारी चारच्या सुमारास सूर्य मावळतो आणि सकाळी आठपर्यंत उजाडत नाही. नव्याची नवलाई तोवर ओसरलेली असते. माझ्याबरोबर चार जण राहत होते, तरी त्या दिवसांत व्याख्यानाखेरीज दिवसच्या दिवस मी कोणाशी बोलत नसे, आणि यांना माणुसकी नाही असे मी मनात ठरवून टाकले होते. एका संध्याकाळी स्वयंपाकघरात मला रडू आवरले नाही, तेव्हा शेजारच्या खोलीतील मुलगी घाबरीघुबरी होऊन म्हणाली की माझे दार सतत बंद असते म्हणून मला शांतता हवी असावी असे तिला वाटत होते. बंद दाराचा ती मान राखत होती, आणि तेच दार कोणीतरी ठोठवावे म्हणून मी वाट पाहत होते.

आपल्याकडे पाहुणा आधी 'नको' म्हणतो आणि यजमान आग्रह करतो, हे आपल्या अंगवळणी पडलेले असते. तेथे 'नको' म्हटले की ताटली पुढे सरकते. त्यांच्या लेखी पुन्हा विचारणे म्हणजे तुमच्या शब्दावर विश्वास न ठेवणे. भूक असेल तर हो म्हणावे, एकटे वाटत असेल तर तसे सांगावे, आणि प्राध्यापकांचे बोलणे समजले नाही तर त्यांच्या भेटीच्या वेळेत जाऊन विचारावे. हे साधे बळ माझ्यात यायला मला तीन महिने लागले. भाषेत मात्र तुला एक सोय आहे: आपल्या 'तू' आणि 'तुम्ही' यांच्यासारखेच त्यांचे 'डू' आणि 'झी' आहे, त्यामुळे कोणाला काय म्हणावे हे आपल्याला लवकर उमगते.

एक पालक, सातारा

पेढे आणि तूप नेऊ नयेत. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशांना मांस आणि दुग्धजन्य पदार्थ सोबत आणण्यास मनाई आहे. पेढा म्हणजे खवाच, म्हणून माझ्या मुलाच्या वेळी आम्ही बांधलेला डबा घरीच ठेवला. हळद, मसाला आणि भडंग त्याने नेले, त्यात काही अडचण आली नाही.

अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी

मी निवृत्त शिक्षक आहे आणि परदेशी कधी गेलेलो नाही, तरीही आजींच्या चिंतेविषयी लिहावेसे वाटते. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 1924 साली साताऱ्यात वसतिगृह सुरू केले, तेथे निरनिराळ्या जातींची मुले एका पंक्तीत जेवत आणि कामे वाटून करीत. मी स्वतः तशाच एका वसतिगृहात वाढलो. खेड्यातून आल्यावर पहिले काही दिवस मी कोणाशी बोललो नाही. भाकरी थापण्याच्या पाळीत माझी ओळख झाली, कारण मला ती येत नव्हती आणि दुसऱ्याला विचारावेच लागले. चिरंजीव कन्येने आठवड्यातून एक दिवस सर्वांसाठी पिठले-भात करावा आणि शेजाऱ्यांना हाक मारावी. आजींना मग जेवणाऱ्यांची नावेही कळवता येतील.

विश्रामबागकर

ताई, तुम्ही दाराबद्दल लिहिलेले मी आईला वाचून दाखवले. काका, पिठल्याचा वार शुक्रवार ठरवला आहे. आजी रात्री नऊला झोपते, म्हणून मी रोज साडेआठला फोन करीन असे तिला सांगितले आहे. ते जमेल ना?

मिरजेची ताई

सुरुवातीला जमेल; सांगलीत साडेआठ वाजतात तेव्हा तेथे संध्याकाळचे पाच असतात. पण ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तेथील घड्याळे एक तास मागे जातात आणि साडेतीन तासांचे अंतर साडेचार होते. मग तुझे पाच म्हणजे आजीचे साडेनऊ. त्या दिवसापासून चार वाजता फोन कर, आणि त्या वेळेला तास असेल तर कोणत्या वारी फोन येणार नाही हे आजीला निघण्यापूर्वीच सांगून ठेव.