ल्युपस आणि अंगावर गोल चट्टे: मदत हवी आहे

सायली_ना: बहिणीच्या अंगावर गोल गोल चट्टे उठलेत. कडा लाल, कडेला कोंडा, मधली कातडी साफ. खाज नाहीच म्हटलं तरी चालेल. औषध चालू आहे, पण उलट पसरतंय. तिला ल्युपस आहे, पण तेव्हा गालांवर लाली होती. हे वेगळंच आहे. कुणाला झालंय का असं? लवकर सांगा, घरात लग्न आहे.

मंदार७: नक्की कुठे उठलेत? कसलं औषध? दिलं कुणी?

आजीचा_बटवा: गजकर्ण आहे. कडुनिंबाच्या पाल्याने आंघोळ आणि गुळवेलीचा काढा. आमच्याकडे सगळ्यांचं गेलं.

मंदार७: अहो आजी, ल्युपसमध्ये प्रतिकारशक्तीच स्वतःच्या अंगावर उठलेली असते. तिला गुळवेलीने अजून चेव आणायचा?

आजीचा_बटवा: आणि स्टिरॉइडने तोंड सुजतं ते चालतं का तुम्हाला?

सायली_ना: भांडू नका प्लीज. गळ्याखाली, पाठीवर वर आणि दंडाला बाहेरून. ब्लाउजखाली काही नाही, चेहराही साफ. फॅमिली डॉक्टरांनी गजकर्ण म्हणून टर्बिनाफिन हे बुरशीचं औषध दिलंय. ल्युपसचं एचसीक्यू (हायड्रॉक्सीक्लोरोक्विन) आधीपासून आहेच.

उन्हाची_वैरीण: टर्बिनाफिन?! मला हेच होतं, सबअ‍ॅक्यूट क्युटेनियस ल्युपस, म्हणजे कातडीवर उठणारा ल्युपस. ऊन लागतं तिथेच उठतं आणि हुबेहूब गजकर्णासारखं दिसतं. टर्बिनाफिनने हा प्रकार उफाळू शकतो. बीपीच्या हायड्रोक्लोरोथायझाइडने आणि अ‍ॅसिडिटीच्या ओमेप्राझोलनेही. मनाने काही बंद करू नका, पण ल्युपसच्या डॉक्टरांना आजच फोन करा. चट्टा खरवडून बुरशी आहे का बघतील, नाहीतर बायोप्सी. माझे चट्टे व्रण न राहता गेले, फक्त रंग फिका राहिला. अँटी-रो ही रक्ततपासणी केलीय का?

डोळस: एचसीक्यू चालू आहे ना? मग डोळ्यांचा पडदा तपासून घ्या. डोसही वजनाच्या किलोमागे रोज ५ मिलिग्रॅमच्या वर नको.

मंदार७: इथे कातडीचं चाललंय हो.

सायली_ना: फाइलमध्ये अँटी-रो पॉझिटिव्ह आहे. पँटोप्राझोल रोज घेते, तेही त्यातलंच का? लग्न तिचंच आहे.

उन्हाची_वैरीण: हो, त्यातलंच. तेही डॉक्टरांना सांगा. आणि अँटी-रो असेल तर मूल होऊ देण्याआधी संधिवाततज्ज्ञांशी बोला, गरोदरपणात बाळाच्या हृदयाचे ठोके तपासत राहावे लागतात. घाबरवत नाहीये, बहुतेक बाळं ठीक असतात. हळदीचा कार्यक्रम मात्र उघड्या अंगणात नको.

आजीचा_बटवा: हळद तर औषधीच असते!