अँटिकच्या धंद्यात यायचंय: आधी पदवी की आधी इतवारी?

भिंगवाला (धागाकर्ता)
नागपुरात जुन्या वस्तूंच्या व्यापारात पडू पाहणाऱ्या पोरापोरींना दोनच सल्ले मिळतात. पहिला, बडोद्याला नाहीतर दिल्लीकडे जाऊन म्युझिऑलॉजी, म्हणजे संग्रहालयशास्त्र, करा. दुसरा, इतवारीच्या जुन्या बाजारात कुणाच्या तरी दुकानाच्या गादीवर तीन वर्षं बसा, सगळं आपोआप कळतं.

माझं मत पहिल्या बाजूला. गादीवर भाव कळतो, वस्तू कळत नाही. मोडीत आलेली समई ओतीव की ठोकीव, दांडी मूळची की मागाहून फिरकी पाडून बसवलेली, हे कुणीतरी हातात देऊन दाखवावं लागतं. बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठात १९५२ पासून म्युझिऑलॉजी शिकवतात. लांब जायचं नसेल तर आपल्याच नागपूर विद्यापीठात प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती आणि पुरातत्त्व विभाग आहे. पवनी या प्राचीन स्थळाचं १९६९-७० चं उत्खनन याच विभागाने भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणासोबत केलं. अजब बंगला, म्हणजे आपलं मध्यवर्ती संग्रहालय, १८६३ पासून उभा आहे. एवढं दाराशी असताना गल्ल्यावरून सुरुवात कशाला?

काटा_इतवारी
साफ विरोध. म्युझिऑलॉजी म्हणजे वस्तू जपणं, नोंदवणं, दालनात मांडणं. विकत घेताना समोरचा फसवतोय का, हे त्यात कुठं येतं भाऊ? तिथं काचेआड खऱ्या वस्तू बघायला मिळतात, बाजारात मात्र खोट्याच जास्त हाताळाव्या लागतात.

साधा चांदीचा रुपया घ्या, सातव्या एडवर्डचा. वजन ११.६६ ग्रॅम, चांदी हजारात ९१७. ०.०१ ग्रॅम दाखवणारा काटा घ्यायचा, त्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करायचा. नाणं पातळ दोऱ्याला बांधून पूर्ण बुडेल असं लोंबतं धरायचं. काटा १.१३ च्या आसपास थांबला तर चांदी ठीक. १.३० दाखवला तर आत तांबं किंवा तांबं-निकेल आणि वरून मुलामा.

नवशिके तीन ठिकाणी चुकतात. नाणं तळाला टेकलं की आकडा भलताच चढतो. नाण्याला हवेचे बुडबुडे चिकटले की आकडा थोडा वाढतो आणि खरं नाणं खोटं ठरतं, म्हणून पाण्यात साबणाचा एक थेंब टाकायचा. आणि घिसून झिजलेल्या नाण्याचं वजनच मुळात कमी, तिथं १.१३ धरून बसायचं नाही. कोरडं वजन भागिले पाण्यातला आकडा म्हणजे घनता, उत्तर १०.३ च्या जवळ यायला पाहिजे. सराफ्यातला पोरगा हे आठवड्यात शिकतो.

ढोक्रा
काटा, रीत बरोबर, निष्कर्ष अर्धा. पाण्याचा काटा धातू सांगतो, टाकसाळ सांगत नाही. झिजलेले खरे रुपये वितळवून त्याच चांदीवर दुर्मिळ सालाचा नवा ठसा मारला तर तुमचं १०.३ बिनचूक येणार. तिथं दहापट भिंगाखाली कडेचे दाते, अक्षरांची टोकं आणि सालाच्या आकड्याभोवतीची सपाट जागा बघावी लागते. आकडा कोरून बदलला असेल तर त्याच्याभोवती धातू खरवडल्याच्या बारीक रेघा राहतात. ओतीव नकलेत अक्षरं साबणाच्या वडीसारखी गुळगुळीत दिसतात आणि कडेला कधीकधी साच्याचा सांधा सापडतो. नागपूरकर भोसल्यांच्या रुपयाचं तर अजून अवघड: ठसा नाण्यापेक्षा मोठा, त्यामुळे मोगल बादशहाच्या नावाचा फारसी मजकूर तुकड्यातच उमटतो. फारसी अक्षरओळख नसेल तर कोणता तुकडा आहे हेच कळायचं नाही. ती गादीवर कोण शिकवणार?

आता पितळ-काशाबद्दल. बस्तरची नवी मूर्ती आंबट-खारट चिखलात पुरून हिरवी करतात आणि 'शंभर वर्षांपूर्वीची' म्हणून विकतात. असा बसवलेला हिरवा रंग असिटोनच्या किंवा कोमट पाण्याच्या बोळ्याने बरेचदा सुटतो. खऱ्या जुन्या थरात हिरव्याखाली लालसर थर असतो, आणि झीज हात लागतो तिथं असते: नाक, गुडघे, पावलं. काखेत आणि पाठीमागेही सारखीच झीज दिसली तर ती कापड लावून घासलेली आहे. ओतताना आत राहिलेला मातीचा गाभा असेल तर थर्मोल्युमिनेसन्स चाचणीने तो शेवटचा कधी तापला याचा अंदाज काढता येतो, पण त्यासाठी प्रयोगशाळाच लागते.

सावजी_तर्री
आणि येवढं सगळं करून लोक घरी नेऊन पितांबरी मारतात ना जी!

ढोक्रा
@सावजी_तर्री पितांबरी नाहीतर चिंच. थरासकट किंमतही जाते. पण नागपुरात त्याहून मोठा शत्रू म्हणजे कूलर. मे महिन्यात बाहेरची हवा वीस टक्क्यांच्या खाली कोरडी, आणि दुकानात वाळ्याचा कूलर सुरू केला की खोलीत साठ-सत्तर टक्के दमटपणा. काशाच्या मूर्तीत क्लोराइड मुरलेलं असेल तर फिकट हिरवी भुकटी सुटायला लागते. ही भुकटी पुसून थांबत नाही, खाली धातू खात जाते. मूर्ती घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत, चाळीस टक्क्यांच्या आत ठेवायची. पुढचं काम, अल्कोहोलमधलं तीन टक्के बेन्झोट्रायझोल (गंज रोखणारं रसायन) वगैरे, शिकल्याशिवाय करायचं नाही, ते विषारी आहे. लखनौची एनआरएलसी, म्हणजे राष्ट्रीय संवर्धन प्रयोगशाळा, संवर्धनाचं प्रशिक्षण देते, दुकानदारानेही जावं.

कलम_पाच
दोन्ही पक्ष मुख्य गोष्ट विसरले. पुराणवस्तू आणि कलानिधी कायदा १९७२ चा, लागू ५ एप्रिल १९७६ पासून. शंभर वर्षं झालेली वस्तू पुराणवस्तू धरतात, हस्तलिखितांना पंचाहत्तर. कलम ५ नुसार परवान्याशिवाय तिचा व्यापार करता येत नाही. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, शिवाय माल जप्त.

लोक परवाना आणि नोंदणी यात घोळ घालतात. नोंदणी मालकाने करायची, आणि ती ठरावीक वस्तूंचीच: दगड, माती, धातू, हस्तिदंत, हाड, लाकूड यांची शिल्पं, चित्रं, सचित्र हस्तलिखितं. शंभर वर्षांच्या पितळी समईला नोंदणी लागत नाही, पण ती धंदा म्हणून विकायला परवाना लागतो. नोंदणी झालेली मूर्ती विकली की मालकी बदलल्याचं नोंदणी अधिकाऱ्याला कळवायचं. हे न केल्याने पुढचा मालक अडकतो. खाजगी माणसाला पुराणवस्तू देशाबाहेर पाठवताच येत नाही. नवी नक्कल पाठवायची तर ती पुराणवस्तू नाही असं पुरातत्त्व सर्वेक्षणाचं प्रमाणपत्र आधी.

विदर्भात दोन सापळे जास्त. वाघनख किंवा हस्तिदंताची डबी, वय कितीही असो, वन्यजीव कायद्यामुळे विकता येत नाही. आणि नांगराला लागलेली आहत (ठसे मारलेली प्राचीन) नाणी किंवा मणी 'शेतकऱ्याकडून घेतले' म्हणून सुटका नाही. १८७८ च्या निखात निधी कायद्याने दहा रुपयांवरचा पुरलेला ऐवज सापडला की जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. माहुरझरीसारखी प्राचीन मण्यांची जागा नागपूरच्या उशाशी असताना हे न शिकवणारा अभ्यासक्रम काय कामाचा, आणि न सांगणारी गादी तरी काय कामाची?

काटा_इतवारी
कलम ५ सांगितलंत, तं कलम ८ ही सांगा की. परवाना देताना अर्जदाराचा या व्यापारातला अनुभव बघायचा, असं त्यात स्पष्ट आहे. पदवीचा शब्द नाही. मग हा अनुभव आणणार कुठून? परवानाधारक दुकानात नोकरी करूनच ना?

कलम_पाच
मान्य. पण तीच नोकरी कायद्यात बसवून करा. परवानाधारकाला दफ्तर आणि फोटो ठेवावे लागतात, ते दफ्तर नवशिक्याच्या हातात द्यायचं. रोजच्या प्रत्येक आवक वस्तूचं माप, वजन, चारही बाजूंचे फोटो, विकणाऱ्याचं नाव, पत्ता, सही. ज्या दुकानात मालक ही वही दाखवत नाही तिथं काय शिकणार?

भिंगवाला (धागाकर्ता)
काटा, कलम ८ चा मुद्दा मी धरला नव्हता, तो घेतो. पण 'आठवड्यात शिकतो' हे अजूनही पटत नाही. छापील चित्रांचंच बघा. रविवर्मा प्रेसचा जुना ओलिओग्राफ (तैलचित्रासारखं दिसणारं छापील चित्र) आणि त्याची आजची ऑफसेट छपाई फ्रेममध्ये सारखीच दिसतात. भिंगाखाली जुन्यात दगडावरच्या छपाईचे वेडेवाकडे ठिपके, नव्यात चार रंगांची ओळीने बसवलेली चक्रं. ठिपके ओळखायला पाच मिनिटं लागतात. पण कागद नवा आणि फ्रेम जुनी, किंवा जुन्या ओलिओग्राफवर वरून तैलरंग चढवलेला, हे ओळखायला?

काटा_इतवारी
त्याला फ्रेमची पाठ उघडायची. आधी खिळे बघायचे, मग कागद.

ढोक्रा
आणि गिऱ्हाईक पाठ उघडू देत नसेल तर?

काटा_इतवारी
तं घ्यायचं नाही, भाऊ.