नाशिक फक्त साठीनंतरच राहण्याजोगं आहे?

पंचवटीकर
परवा एका पुणेवासी मित्राने लिहिलं, "नाशिक छान आहे, पण साठीनंतर. तिशीत तिथे राहणं म्हणजे करिअरवर पाणी सोडणं." दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही.

मी सातपूरला टूलरूममध्ये आहे, एकवीस वर्षं झाली. घरून निघालो की पंचवीस मिनिटांत गेटवर. शिफ्ट सुटली की आईची औषधं, पोरीचा क्लास आणि घाटावर एक चक्कर, हे सगळं दिवेलागणीच्या आत होतं. नोटा छापायचं प्रेस नाशिकरोडला, विमानांचा कारखाना ओझरला, सातपूर-अंबडला एवढी एमआयडीसी. तिथे कामाला जाणारे काय पेन्शनर आहेत? नळाला रोज पाणी येतं. ते आमचं गंगापूर धरणाचं पाणी दुष्काळात खाली मराठवाड्यातल्या जायकवाडी धरणाला सोडायला लावतात, एवढी एकच सल आहे.

निफाडची लेक (सध्या पुणे)
काका, तुमची पंचवीस मिनिटं मान्य. पण तुम्ही एकवीस वर्षांपूर्वी लागलात. मी नाशिकमध्येच इंजिनियरिंग केलं, कॉम्प्युटर. आमच्या ग्रुपमधल्या सात मुलींपैकी नाशकात एकच राहिली, तीही क्लासेस घेते. बाकीच्या पुणे, बंगळुरू. हौसेने कोणी गेलं नाही.

आणि परत यायचं म्हटलं तर? दोनशे दहा किलोमीटर आहे फक्त. शुक्रवारी संध्याकाळी चाकणमध्येच दीड-दोन तास जातात. घरी पोचेपर्यंत आई वरण तीनदा गरम करून झोपलेली असते. थेट रेल्वेमार्गाची वाट बघून माझं लग्न झालं, मुलगा झाला. नारायणगावजवळच्या रेडिओ दुर्बिणींना त्रास होतो म्हणून आता तो मार्गच बदलायचं चाललंय. शहरातली मेट्रो निओ, म्हणजे रबरी चाकांची मेट्रो, २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात आली, २,०९२ कोटी. कुठे आहे? द्वारकेच्या चौकात उभं राहून दाखवा मला.

सिडकोतला मराठवाडी
मुख्य विषय बाजूला राहू दे. "आमचं गंगापूर धरणाचं पाणी" हे वाक्य मला झोंबलं.

मी अंबडला नोकरीला, घर सिडकोत, मूळ गाव पैठण तालुक्यातलं. थोरली बहीण संभाजीनगरात असते. जायकवाडी उशाशी, तरी तिच्याकडे नळ आठ-आठ दिवसांनी येतो. पाण्याच्या दिवशी ती नोकरीवर रजा टाकते, कारण पिंपं भरायला घरात दुसरं कोणी नाही. समन्यायी पाणीवाटपाचा कायदा २००५ चा आहे, २०१६ मध्ये हायकोर्टानेही तो उचलून धरला. १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्के साठा नसेल तर वरच्या धरणांतून सोडायचं, एवढंच आहे. २०२३ ला ८.६ टीएमसी सोडायचा आदेश निघाला. त्यात गंगापूर समूहाचा वाटा किती? अर्धा टीएमसी! बाकीचं दारणा, प्रवरा आणि मुळेचं. आणि ओरड कोणाची सगळ्यात मोठी?

पंचवटीकर
अर्धा असो की पाव, त्या वर्षी कपातीची टांगती तलवार आमच्या डोक्यावर होती. तुमच्याकडे धरणाच्या पाण्यावर ऊस उभा राहतो, त्याबद्दल एक अक्षर नाही. नाशिकमध्ये राहायचं, इथलं पाणी प्यायचं आणि इथल्यांनाच बोल लावायचे.

सिडकोतला मराठवाडी
राहतो म्हणजे फुकट राहत नाही. घरपट्टी भरतो, पाणीपट्टी भरतो. आणि गोदावरी काय पंचवटीच्या पोरांना आंदण दिलीय का? ती त्र्यंबकला उगम पावते, पैठणला एकनाथांच्या दारात जाते. उसाचं म्हणाल तर चूक आहे, आमच्या घरातही यावरून भांडणं झालीत. पण बहिणीच्या पिंपात ऊस नाही.

इगतपुरीचा भातवाला
दोघेही थांबा. तुम्ही दोघं ज्या पाण्यासाठी भांडताय ते आमचं आहे.

आजोबांची सात एकर जमीन मुकणे धरणात गेली. ते पाणी आता पाइपातून विल्होळीला आणि तिथून नाशकाच्या नळाला जातं. दारणा, भावली, भाम, सगळी धरणं आमच्याच तालुक्यात. पावसाळ्यात चार महिने अंगावरचे कपडे वाळत नाहीत, आणि एप्रिल लागला की आमच्या वाडीच्या बाया हंडा घेऊन उतारावरच्या झऱ्याला जातात. वाटी बुडेल एवढं पाणी, ते साठायची वाट बघत बसायचं. माझी आई अजून जाते. तिथून धरणाचं पाणी डोळ्यांनी दिसतं. नाशिककर "आमचं पाणी" म्हणतो तेव्हा काय वाटतं ते तिला विचारा.

भांडीबाजार
मला पाणी कमी पडत नाही, दुकानात येतं. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून आम्ही पूर मोजतो; २ ऑगस्ट २०१६ ला त्याच्या डोक्यावरून पाणी गेलं. आमच्याकडे मारुतीच्या कमरेला पाणी लागलं की खालचे कप्पे रिकामे करायचे, छातीला लागलं की शटर ओढून निघायचं, ही वडिलांची शिकवण. त्या दिवशी छातीनंतर वेळच मिळाला नाही. पितळी घागरीत बसलेला गाळ पुढे महिनाभर चिंचेने घासत होतो. कुंडांच्या तळाला काँक्रीट, काठाला काँक्रीट, आता २०२७ च्या कुंभासाठी तपोवनातल्या झाडांवर डोळा. नदी कोणाची ते नंतर ठरवा, आधी ती नदी राहू द्या.

निफाडची लेक (सध्या पुणे)
मी नोकरीबद्दल विचारलं होतं. एवढ्या प्रतिसादांनंतरही कोणी उत्तर दिलेलं नाही.

पंचवटीकर
देतो. रात्रपाळी होती, उशीर झाला.

इगतपुरीच्या भाऊंचं वाचून दुपारभर झोप आली नाही. मुकण्याचं पाणी माझ्या नळाला येतं हे मला माहीत होतं, पण ते कोणाच्या आईच्या डोळ्यांसमोरून येतं हे नव्हतं. "आमचं" हा शब्द मागे घेतो. सिडकोवाल्या भाऊंना उसाचा जाब मात्र द्यावाच लागेल.

लेकीच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही, हे कबूल करायला जड जातंय. माझी पोरगी बारावीला आहे, तिलाही कॉम्प्युटरच घ्यायचंय. काल तिने विचारलं, "बाबा, पुण्यात हॉस्टेल बघायचं का?" मी म्हटलं, आधी परीक्षा दे. तुम्ही पुण्यात कुठल्या भागात राहता ते जमलं तर कळवा.