अक्षरे खोडलेल्या चिपचे साउंड कार्ड कसे ओळखावे?

प्रश्न: संग्रहात नव्याने आलेल्या ८-बिट आयएसए (जुन्या पीसीतील विस्तार-खाच) साउंड कार्डावर निर्मात्याचे नाव नाही आणि २४ पायांच्या मुख्य चिपवरील अक्षरे घासून काढलेली आहेत. संगणकात बसवण्यापूर्वी ते ओळखता येईल का?

उत्तर १: शेजारी आठ पायांची छोटी चिप असल्यास ही जोडी बहुधा यामाहाची वायएम३८१२ आणि वायएम३०१४ असावी, १९८७ च्या अ‍ॅडलिब कार्डाचा आवाज याच जोडीतून निघत असे. साउंड ब्लास्टर कार्डे बनवणाऱ्या क्रिएटिव्ह कंपनीने तर या चिपांवर एफएम१३१२ आणि एफएम१३१४ अशी स्वतःचीच नावे छापली होती. लपवाछपवी तेव्हाही चालत असे!

उत्तर २: आधी टँटलम कपॅसिटर (विद्युतभार साठवणारे छोटे घटक) आतून शॉर्ट नाहीत ना, हे मल्टिमीटरने पाहावे. मगच कार्ड बसवून पोर्ट ३८८एचवरील (संगणक चिपशी बोलतो तो हेक्साडेसिमल पत्ता) चिपचा पहिला टायमर चालवावा. तो भरल्यावर स्थितिदर्शक रजिस्टरचे वरचे दोन बिट १ झाले, तर चिप ओपीएल (वायएम३८१२ ज्यात मोडते त्या यामाहाच्या ध्वनी-चिपांच्या) कुळातलीच आहे.

प्रश्नकर्ता: छोटी चिप आहे. आता कपॅसिटर तपासतो.