मदत हवी आहे: कॉर्कच्या वर्कहाउसमधील १८८८ चा एक जन्म आणि एकाच नावाचे दोन मृत्यू

नमस्कार.

माझे माहेर नाशिकचे. गेली चौदा वर्षे मी आयर्लंडमधील कॉर्क शहरात राहते आणि माझे यजमान इथलेच आहेत. सासूबाई आता एक्क्याऐंशी वर्षांच्या आहेत. त्यांच्या आजीचा जन्म कॉर्कच्या वर्कहाउसमध्ये झाला होता ही गोष्ट घरात कधी कोणी उच्चारली नव्हती. गेल्या वर्षी जन्मनोंदीचे पान समोर आले तेव्हाच ती त्यांना समजली. तेव्हापासून त्या एकच विचारतात, की आजीला जन्म देणाऱ्या त्या मुलीचे पुढे काय झाले?

ज्यांना या संस्थेची कल्पना नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगते. १८३८ च्या कायद्याने आयर्लंडचे आधी १३० आणि पुढे १६३ विभाग पाडण्यात आले. या विभागांना युनियन म्हणत, आणि प्रत्येक युनियनमध्ये निराधारांसाठी एक वर्कहाउस असे. आत गेल्यावर नवरा, बायको आणि मुले यांना वेगवेगळे ठेवत. बटाट्याच्या दुष्काळात ही घरे माणसांनी ओसंडली, पण दुष्काळानंतरही अनेक दशके, ज्या अविवाहित मुलीला बाळंतपणासाठी कोणी दारात उभे करत नसे तिला बहुधा इथेच यावे लागे. कॉर्कचे वर्कहाउस डग्लस रोडवर होते. आज त्या जागी रुग्णालय आहे आणि मी रोज त्याच्या भिंतीजवळून कामाला जाते.

शासनाच्या वंशावळ संकेतस्थळावर शंभर वर्षांपूर्वीचे जन्म आणि पन्नास वर्षांपूर्वीचे मृत्यू विनामूल्य पाहता येतात. तिथे मला नोव्हेंबर १८८८ ची जन्मनोंद मिळाली. जन्मस्थळ वर्कहाउस, वडिलांचा रकाना कोरा, आईचे नाव मेरी, आणि आडनाव असे की कॉर्कमध्ये ते गल्लोगल्ली सापडते. त्याच नावाच्या दोन स्त्रियांचे मृत्यू त्याच वर्कहाउसमध्ये नोंदलेले आहेत: एक जानेवारी १८८९ मध्ये, वय २२, आणि दुसरी १८९३ मध्ये, वय २८, क्षयाने. दोघीही अविवाहित, दोघीही घरकाम करणाऱ्या, आणि खबर देणारा दोन्ही वेळी वर्कहाउसचाच कर्मचारी. आजी पुढे कॉर्कजवळच्या ब्लार्नी गावाशेजारी एका शेतकरी कुटुंबात वाढली, एवढेच घरात सांगितले जाते.

यांपैकी आमची कोण, किंवा दोघींपैकी कोणीच नाही, हे कसे ठरवावे? १८९१ ची जनगणना उपयोगी पडली असती, पण १८८१ आणि १८९१ या दोन्ही जनगणनांची कागदपत्रे पहिल्या महायुद्धाच्या काळात लगदा करून टाकली गेली. माझ्या माहेरच्या सात पिढ्या नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीत अर्ध्या तासात सापडल्या होत्या, म्हणून इथली ही अडचण मला अधिकच जाणवते. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद:

ताई, मृत्यूच्या नोंदीवरून हा निर्णय होणार नाही, कारण आयर्लंडच्या त्या काळातील मृत्यूनोंदीत आईवडिलांचे नाव नसते आणि जन्मगावही नसते. शिवाय वर्कहाउसमध्ये लिहिलेले वय पुष्कळदा अंदाजाने लिहिलेले असते, त्यामुळे २२ आणि २८ या आकड्यांवर फार विसंबू नका.

आपल्याला वर्कहाउसची दाखल-नोंदवही पाहावी लागेल. १९२२ मध्ये डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालयांच्या आवारातील सरकारी अभिलेखागाराला लागलेल्या आगीत सगळेच जळाले असा समज आहे, पण युनियनांची दप्तरे तिथे नव्हती. अनेक ठिकाणी ती इतर कारणांनी नाहीशी झाली. कॉर्कच्या नोंदवह्या मात्र शहर आणि परगण्याच्या अभिलेखागारात आहेत, आणि आधी वेळ ठरवून त्या पाहता येतात. या वहीत वय, धर्म, व्यवसाय आणि येण्यापूर्वीचे राहण्याचे ठिकाण तर असतेच, पण एक रकाना ‘दाखल झाल्याची किंवा इथे जन्मल्याची तारीख’ असा असतो आणि शेवटचा ‘बाहेर गेल्याची किंवा मृत्यूची तारीख’ असा असतो. म्हणजे बाळाचीही स्वतंत्र ओळ असते. आईला बाहेर पडायचे असेल तर मूल मागे ठेवून जाण्याची सहसा मुभा नसे. म्हणून आईला शोधण्याआधी बाळ कोणत्या तारखेला बाहेर गेले ते पाहा, आणि त्याच तारखेला त्या नावाची कोण बाहेर पडली ते शोधा.

बाळ एकटेच मागे राहिले असेल, तर बोर्ड ऑफ गार्डियन्सची, म्हणजे युनियनचा कारभार पाहणाऱ्या मंडळाची, इतिवृत्ते वाचा. १८६२ च्या कायद्यापासून अनाथ आणि टाकलेली मुले पैसे देऊन कुटुंबांकडे सांभाळायला ठेवता येत असत, आणि ब्लार्नीच्या शेतकऱ्याचा उल्लेख मला तसाच वाटतो. १९०१ च्या जनगणनेत ती त्याच घरात सापडावी. तेव्हा ती वर्कहाउसमध्ये असती तर तिथे फक्त आद्याक्षरे मिळण्याचीच शक्यता होती. आजीचा विवाह १९०८ नंतरचा असेल तर तिच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीशेजारी समासात त्याचा उल्लेख असण्याचा संभव आहे, तेव्हा पॅरिशला, म्हणजे त्या भागातील चर्चला, पत्र जरूर लिहा. त्यावरून जन्मनोंदीतील मुलगी म्हणजेच आपली आजी, हेही पक्के होईल. ते आपण अजून गृहीतच धरलेले दिसते.

धागाकर्तीचे उत्तर:

मनःपूर्वक आभार. ते गृहीतच धरले होते, हे खरे आहे. पॅरिशला पत्र पाठवले आहे. काल सासूबाईंना घेऊन अभिलेखागारात गेले होते. बाळाची ओळ मिळाली, आणि तिच्या लगेच वर आईची ओळ. दोघी एप्रिल १८८९ मध्ये एकाच दिवशी बाहेर पडल्या, त्यामुळे जानेवारीत गेलेली मेरी आमची नव्हे. १८९३ पर्यंतच्या वह्या पाहायच्या आहेत आणि त्यासाठी पुढच्या गुरुवारची वेळ घेतली आहे. आईच्या ओळीत आधीच्या वास्तव्याचे ठिकाण ब्लार्नी असे लिहिले आहे. सासूबाईंनी त्या शब्दाखाली बोट धरून ती ओळ मला तीनदा वाचायला लावली.