संशोधनातली वयाची अट जन्मतारखेवरून का मोजायची?

चेंबूरकरीण (धागाकर्ती)

मुद्दा आधी सांगते, कारणं मागाहून. संशोधनातल्या नोकऱ्या, फेलोशिप आणि पुरस्कार यांना लावलेली वयाची अट जन्मतारखेवरून मोजणं थांबवा. पीएचडीनंतर माणसाची प्रत्यक्ष संशोधनात किती वर्षं गेली तेवढंच बघा. मूल, आजारपण, घरची अडचण यांत गेलेला काळ वजा करा.

भारतात विज्ञान-तंत्रज्ञानाच्या पदवीधरांत मुली सुमारे ४३ टक्के आहेत. संशोधन आणि विकासाच्या कामात असलेल्या स्त्रिया मात्र २०१८ च्या सरकारी आकडेवारीत १६.६ टक्केच. मधल्या गेल्या कुठे? पीएचडी हातात पडेपर्यंत २८-२९ वय होतं. मग पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचं तात्पुरतं संशोधन, तेही शक्यतो परदेशात. सहायक प्राध्यापकाच्या बऱ्याच जाहिरातींत 'शक्यतो ३५ च्या आत' असं लिहिलेलं असतं. मूल हवं असेल तर तेही याच सहा-सात वर्षांत.

२०१७ पासून प्रसूतिरजा २६ आठवड्यांची झाली, ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघर बंधनकारक झालं, केंद्र सरकारच्या नोकरीत बालसंगोपनासाठी ७३० दिवसांची रजा आहे. चांगलंच आहे. पण हे नोकरी लागलेल्यांसाठी. गळती होते ती नोकरी लागायच्या आधी.

आमची लॅब ऑर्गॅनिक सिंथेसिसची, म्हणजे कार्बनी रेणू बनवायची. डीएमएफ हे रोजचं सॉल्व्हंट (विद्रावक), आणि गर्भाला अपाय होऊ शकतो हा इशारा त्याच्या बाटलीवरच छापलेला असतो. आमच्यातली एक जण गरोदर राहिली तेव्हा तिनं फ्यूम हूडपासून (रसायनं हाताळायचं, वाफा ओढून घेणारं कपाट) लांब राहायचं ठरलं. रेणू बनवायचा रूट तिनं आखलेला, अडलेली पायरी तिनं सोडवलेली. रिअ‍ॅक्शन लावणं आणि कॉलम करणं (मिश्रणातून पदार्थ वेगळा काढणं) ज्युनिअर मुलाकडे गेलं; ती दाराशी बसून टीएलसीच्या (काम कुठवर आलं ते दाखवणाऱ्या) प्लेट्स बघून पुढचं सांगायची. पेपरवर पहिलं नाव, म्हणजे मुख्य श्रेय, त्या मुलाचं लागलं. तिच्या बायोडेटात ते वर्ष कोरं दिसतं आणि वय मात्र एकानं वाढलेलं. यात तिचं काय चुकलं, हे मला कुणीतरी समजावून सांगा.

निवृत्त मास्तर

ताई, तळमळ पोचली, पण असहमत. मी अनेक वर्षं निवड समित्यांवर बसलो आहे. वयाची अट बायकांना अडवायला आणलेली नाही. तरुण माणसाला वेळेत स्वतःची लॅब मिळावी, चाळिशी उलटेपर्यंत त्यानं दुसऱ्याच्या हाताखाली राबू नये, यासाठी ती आहे. लॅब उभी करायला, पहिले विद्यार्थी तयार व्हायला पाच-सहा वर्षं सहज जातात. कुणी ४४ व्या वर्षी रुजू झालं तर संस्थेच्या हाती काय लागणार? शिवाय सेल कल्चरला, म्हणजे लॅबमध्ये वाढवलेल्या पेशींना, रविवार कळत नाही. काम मागेल तेव्हा हजर राहणं हा या पेशाचा भाग आहे, बाई असो वा पुरुष.

सवलतीनं आलेल्या बाईकडे सहकारी कसे बघतात ते मी पाहिलं आहे. ती कितीही हुशार असली तरी 'कोट्यातली' हे मागून म्हटलं जातंच. जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनींचं उदाहरण घ्या. १९३३ साली सी. व्ही. रामन यांनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेश नाकारला, त्या हटल्या नाहीत, वर्षभराच्या अटीवर शिरल्या आणि काम करून दाखवलं. १९३९ मध्ये केंब्रिजची पीएचडी, पुढे आपल्या मुंबईच्या विज्ञान संस्थेच्या संचालक. सवलत मागितली नव्हती त्यांनी.

आणि वडील गेल्यावर घर सांभाळायला चार-पाच वर्षं एमआयडीसीत राबून मग पीएचडीला आलेल्या मुलाचं काय? त्यालाही वय आडवं येतं. त्याच्यासाठी कुणी धागा काढत नाही.

चेंबूरकरीण

सर, तो मुलगा माझ्या मुद्द्यात आहे, म्हणून तर 'घरची अडचण' लिहिलं. जन्मतारीख काढून टाकली की त्याचीही सोय होते. एमआयडीसीतली वर्षं संशोधनाची नव्हती, मोजू नका.

कमलाबाईंचं म्हणाल तर ती वर्षभराची अट त्यांच्याबरोबरच्या मुलांना नव्हती. प्रवेशाची पात्रता असताना एक वर्ष जास्तीचं सिद्ध करत बसावं लागलं, ते बाई म्हणून. त्या निभावून गेल्या म्हणून ती अट बरोबर ठरत नाही. तशीच अट दारात लागल्यावर ज्या परत फिरल्या, त्यांची नावं आपल्यापर्यंत पोचलेलीच नाहीत.

द्रवनत्र

मी बाई आहे, सेल बायॉलॉजीत आहे, आणि मला धागा अर्धाच पटतो. वयाची अट उद्या उठली तरी रोजचा दिवस तोच राहणार. लॅब मीटिंग संध्याकाळी साडेसहाला ठेवतात. इन्क्युबेटरमधल्या पेशींना रविवार कळत नाही हे मास्तरांचं खरं, पण मीटिंगला तर कळतो ना? ती सकाळी अकराला घ्यायला कुठली पेशी आड येते? कॉन्फोकल मायक्रोस्कोपचा स्लॉट मिळतो तो रात्रीचा, कारण दिवसाचे स्लॉट सीनियरनी आधीच अडवलेले. कुलाब्याला किंवा अणुशक्तीनगरला संस्थेचं क्वार्टर असेल तर जमतं. कळव्याला घर असेल तर रात्रीची गाडी धरायची आणि सकाळी डबा करून परत तीच लाईन.

सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत बिनपगारी घरकाम करणाऱ्या बाईची त्यात रोज २८९ मिनिटं जातात, ते करणाऱ्या पुरुषाची ८८. लॅबमधल्या बेंचवरची वेळ यातूनच निघायची असते. बंगळूरच्या एनआयएएस या संशोधन संस्थेनं आणि विज्ञान अकादमीनं २०१० मध्ये एक पाहणी प्रसिद्ध केली होती. त्यात संशोधनात टिकलेल्या स्त्रियांपैकी १४ टक्के अविवाहित होत्या, पुरुषांत ते प्रमाण २.५ टक्के. म्हणजे पुरुषाला दोन्ही मिळालं, बाईला बऱ्याचदा एकावर पाणी सोडावं लागलं. तुमची वर्षांची वजाबाकी घरातल्या या वाटणीला हात लावत नाही.

माटुंगा रोड

द्रवनत्र यांना +१. म्हणून म्हणतो, वजाबाकी करायचीच तर आईबापांना सारखी करा. माझी मुलगी दोन वर्षांची आहे, बायको बँकेत, तिची ड्यूटी असते तेव्हा मी घरी असतो. फक्त आईला वर्षं वजा करून दिली की मूल आईचंच काम, यावर सरकारी शिक्का बसतो.

चेंबूरकरीण

दादा, तुमच्यासारखे बाप वाढावेत, मनापासून. पण सरसकट सारखं दिलं की काय होतं ते तपासलं गेलंय. अमेरिकेतल्या वरच्या विद्यापीठांच्या अर्थशास्त्र विभागांनी मूल झालं की आई-बाप दोघांनाही नोकरीत कायम होण्याची मुदत सारखीच वाढवून दिली. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की त्यानंतर पुरुषांचं तिथे कायम होण्याचं प्रमाण वाढलं आणि स्त्रियांचं घसरलं. वाढीव वर्षात बाप पेपर लिहीत होते.

युरोपीय संशोधन परिषदेचा मार्ग मला जास्त पटतो. त्यांच्या तरुण संशोधकांच्या अनुदानाला वयाची अटच नाही, पीएचडीपासून वर्षं मोजतात. आईला प्रत्येक मुलामागे १८ महिने आपोआप मिळतात. बापाला त्यानं खरोखर घेतलेली रजा, कागद दाखवून. तुम्ही रजा घेतलीत तर तुमचीही धरली जाईल.

अणुशक्तीनगर

वरच्या डीएमएफच्या प्रसंगावर एक. किरणोत्सर्गाच्या कामात बाईनं गरोदर असल्याचं कळवलं की त्यानंतर गर्भाला १ मिलिसिव्हर्टपेक्षा जास्त डोस जाता कामा नये, असा एईआरबीचा (अणुऊर्जा नियामक मंडळाचा) नियम आहे. काम बदलून देणं ही मग संस्थेची जबाबदारी ठरते, गाईडच्या मर्जीवर राहत नाही. केमिस्ट्रीच्या लॅबनी हेच लेखी करावं आणि सोबत दुसरंही लिहावं: सुरक्षेसाठी हात बदलले म्हणून पेपरवरच्या नावाचा क्रम बदलणार नाही. याला दिल्लीहून परवानगी लागत नाही, विभागाच्या एका बैठकीत होतं.

विनाअनुदानित

वाचते आहे कालपासून. तुम्ही सगळे कुलाबा, पवई, ट्रॉम्बेच्या मोठ्या संस्थांबद्दल बोलताय. मुंबईत विज्ञान शिकवणाऱ्या कितीतरी बायका माझ्यासारख्या डिग्री कॉलेजात सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर आहेत. पीएचडी आहे, सेट ही प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षाही पास आहे. तासाला पैसे मिळतात, मे महिन्यात काहीच नाही. बाळंतपण आलं तेव्हा रजा हा शब्दही कुणी काढला नाही. पुढच्या जूनला फोन आला नाही, माझे तास दुसऱ्या मुलीला दिलेले. न्याय मागायला जायचं कुणाकडे, मी कर्मचारी म्हणून कागदावर होतेच कुठे?

कॉलेजात असले की नॅकची (कॉलेजच्या मूल्यांकनाची) फाइल, प्रॅक्टिकलची जर्नल्स, वार्षिक दिनाची सजावट, सगळं बायकांकडे. संशोधनाला वेळ नाही आणि लॅब तर नाहीच. ताईंना थेट विचारते. पीएचडीनंतरची माझी सीएचबीची वर्षं तुम्ही कुठे धरणार? संशोधनात धरलीत तर मी आत्ताच बाद झाले.

चेंबूरकरीण

वजा करायची. संशोधनाचं अनुदान नव्हतं, लॅब नव्हती, आठवड्याचे तास इतके होते, असं प्राचार्यांचं पत्र हाच पुरावा. आणि बाळंतपणाचं म्हणाल तर रजा नेमणुकीच्या नावाला बांधलेली आहे, तीच मुळात चूक आहे. सीएचबीवाल्या बाईलाही तेवढ्या काळाचं मानधन आणि पुढच्या जूनची हमी मिळायला हवी. डीएसटीची (केंद्राच्या विज्ञान-तंत्रज्ञान विभागाची) महिला वैज्ञानिक योजना २००२-०३ मध्ये सुरू झाली, खंड पडलेल्या बायका तिच्यामुळे परत लॅबमध्ये आल्या. पण ती प्रकल्पाची फेलोशिप, साधारण तीन वर्षांची. प्रकल्प संपला की परत तेच दार, परत वयाचा रकाना. म्हणून मी योजनेपेक्षा त्या रकान्याच्या मागे लागले आहे.

निवृत्त मास्तर

मुलामागे १८ महिने, हे मला मान्य होऊ शकतं. मोजता येतं, प्रत्येक आईला सारखं आहे. एमआयडीसीतला मुलगाही पटला. प्राचार्यांच्या पत्राला मात्र माझा विरोध राहील. तसली पत्रं कशी मिळतात हे आपण सगळे जाणतो, आणि ती खरी की खोटी हे अर्ध्या तासाच्या मुलाखतीत समितीनं ठरवायचं कसं?

विनाअनुदानित

पत्र नको तर मस्टर बघा, सर. सीएचबीचं बिल दर महिन्याला तासांनिशी सही होऊन जातं आणि ते कॉलेजच्या अकाउंट्समध्ये पडून असतं. त्या तासांना पैसे मोजताना कुणी शंका काढली नव्हती.